सिनेमाचे शंभर कोटी: कुणाचे आणि कसे?

(रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण, वाचनासाठी थोडं नेटकं करून)

गटाची वही, कर्जाचं व्याज, दुकानाची उधारी असे हिशोबाचे विषय आपण रेडिओवर नेहमी घेतो. आजचा विषय ऐकायला वेगळा वाटेल, पण तोही हिशोबाचाच आहे. आज आम्ही तुमच्यासमोर सिनेमाच्या तिकीटबारीचा हिशोब मांडणार आहोत.

मोबाईल उघडला की हल्ली बातमी दिसते, ‘अमक्या सिनेमाने तीन दिवसांत शंभर कोटी कमावले’, ‘तमका पहिल्याच दिवशी आपटला’. दिवाळी, ईद, स्वातंत्र्यदिन, नाताळ अशा दिवसांत तर दोन-दोन, तीन-तीन मोठे सिनेमे एकाच शुक्रवारी लागतात. मग कोण जिंकणार, कोण हरणार याची भाकितं सुरू होतात. बैलांच्या शर्यतीआधी होते तशी चर्चा होते. आपण ऐकतो आणि सोडून देतो. कोटी त्यांचे, आपल्याला काय?

पण आपला संबंध आहे. याच आकड्यांवरून ठरतं की आपल्या तालुक्याच्या थेटरात कोणता सिनेमा टिकणार आणि कोणता सोमवारी उतरणार. जो टिकणार तो दुपारी तीनला लागणार की रात्री साडेदहाला, हेही त्यावरच ठरतं. रात्री साडेदहाचा खेळ म्हणजे आपल्यासाठी नसल्यासारखाच. शेवटची एसटी तोवर डेपोत गेलेली असते. म्हणून हा हिशोब आपल्याला कळायला हवा.

एका तिकिटाचे वाटे

आधी एकच तिकीट घेऊ. समजा शहरातल्या मल्टिप्लेक्सचं तिकीट २३६ रुपयांचं आहे. त्यातले ३६ रुपये जीएसटीचे, म्हणजे सरकारचे. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आधी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. म्हणजे लहान गावातल्या स्वस्त थेटराला थोडा दिलासा मिळाला.

कर गेल्यावर उरले २०० रुपये. हे थेटरवाला आणि वितरक यांच्यात वाटले जातात. वितरक म्हणजे निर्मात्याकडून सिनेमा घेऊन तो थेटरांपर्यंत पोहोचवणारा. २००९ साली हिंदी सिनेमांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचे मालक यांच्यात याच वाटपावरून मोठं भांडण झालं. एप्रिल ते जून दोन महिने नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला दिलेच नाहीत. शेवटी तोडगा निघाला. पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के. आजही ठोकताळा साधारण हाच धरतात. एकपडदा थेटरांत मात्र कुठे भाडं ठरवून, कुठे टक्केवारीने, असा ज्याच्या त्याच्याशी वेगळा व्यवहार असतो.

आता आपले २०० रुपये पाहा. पहिल्या आठवड्यात गेलात तर त्यातले १०० वितरकाकडे जातात. दुसऱ्या आठवड्यात ८५, तिसऱ्यात ७५, चौथ्यात फक्त ६०. म्हणूनच निर्माते पहिल्या आठवड्यासाठी जिवाचा आटापिटा करतात. थेटरवाल्याचं उलट आहे. सिनेमा जितका जास्त आठवडे चालेल तितका त्याचा वाटा वाढतो. शिवाय समोसा, पॉपकॉर्न आणि पार्किंगचा पैसा त्याचाच.

शंभर कोटी म्हणजे नफा नव्हे

आपल्या गटाने दिवाळीला एक लाखाचा फराळ विकला. मग आपण एक लाख कमावले का? नाही. डाळ, तेल, साखर, पिशव्या, टेम्पोचं भाडं आणि बायकांची मजुरी वजा केल्यावर जे उरेल ती कमाई. हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण सिनेमाच्या बातमीत ‘कमावले’ हा शब्द सर्रास विक्रीसाठी वापरतात.

बातमीतल्या आकड्याचे तीन प्रकार असतात. पहिला ढोबळ गल्ला, म्हणजे करासकट सगळी तिकीटविक्री. दुसरा निव्वळ गल्ला, म्हणजे कर वजा करून. तिसरा वितरकाचा वाटा. समजा एका सिनेमाचा ढोबळ गल्ला ११८ कोटी झाला. कर गेला की निव्वळ १००. थेटरांचा हिस्सा गेला की वितरकाकडे येतात साधारण ४५ ते ५० कोटी. सिनेमा बनवायला आणि जाहिरातीला ६० कोटी खर्च झाला असेल, तर पेपरात ‘शंभर कोटी’ छापून येऊनही तिकीटबारीवर तो तोट्यातच आहे. टीव्ही, मोबाईलवरचे प्लॅटफॉर्म आणि गाण्यांचे हक्क विकून ती तूट भरून काढावी लागते.

याउलट नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ घ्या. २९ एप्रिल २०१६ ला तो आला. खर्च साधारण चार कोटींचा, नायक-नायिका नवखे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. चाराचे शंभर होणं आणि साठाचे शंभर होणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी आकडा सांगितला की आपण लगेच विचारायचं, ‘हा आकडा करासकट की करावेगळा? आणि खर्च किती होता?’

आणखी एक गोष्ट. रुपये वाढले म्हणून माणसं वाढली असं होत नाही. तिकीट महागलं की तेवढ्याच माणसांत आकडा फुगतो. जुन्या काळी रुपया-दोन रुपयांचं तिकीट काढून लाखो लोकांनी पाहिलेल्या सिनेमाचा आकडा आज लहान दिसतो. किती लोकांनी सिनेमा पाहिला हे कळायला गल्ला नव्हे, विकलेली तिकिटं मोजावी लागतात.

भाकीत करतात तरी कसं?

हे काही पंचांग पाहून करत नाहीत. त्यामागे साधा गुणाकार आहे. एका थेटरात ३०० खुर्च्या, दिवसाला चार खेळ, म्हणजे १,२०० खुर्च्या. त्यातल्या ३० टक्के भरल्या तर ३६० माणसं. तिकीट १५० रुपये धरलं तर त्या थेटराचा दिवसाचा गल्ला ५४ हजार. अशी किती थेटरं, किती खेळ आणि किती टक्के खुर्च्या भरतील याचा अंदाज बांधला की पूर्ण देशाचा आकडा तयार.

खुर्च्या किती भरतील हे आधीच कसं ठरवायचं? त्यासाठी चार-पाच गोष्टी पाहतात. मोबाईलवर आगाऊ तिकिटं किती गेली, जाहिरातीची झलक किती जणांनी पाहिली, नट किती मोठा, त्याच्या मागच्या सिनेमाचं काय झालं, सुट्टी आहे की नाही, आणि समोर दुसरा कोणता सिनेमा आहे.

यात एक मोठी मेख आहे. या सगळ्या खुणा कुणाच्या? मोबाईलवरून आगाऊ तिकीट काढणाऱ्याच्या. पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहायला धावणाऱ्याच्या. म्हणजे बहुतेक करून शहरातल्या तरुण पोरांच्या. आपल्यासारखी बाई सिनेमाला जाते तेव्हा काय होतं? आधी शेजारची कुणीतरी पाहून येते. ती सांगते, ‘चांगला आहे गं.’ मग चौघी ठरवतात. मग सासूबाईंना विचारणं, पोरांची सोय, रानातलं काम आणि हप्त्याचा दिवस, हे सगळं जुळायला आठ-दहा दिवस जातात. तिकीट खिडकीवर रोख पैसे देऊन काढलं जातं. भाकीत करणाऱ्याच्या तराजूत आपण बसतच नाही. तो शुक्रवारी तोलतो, आपण दुसऱ्या बुधवारी जातो.

२०२३ चा पावसाळा

हे खरं कसं ठरलं, ते २०२३ सालच्या जून ते ऑगस्टमध्ये फार छान दिसलं. तो हंगाम सिनेमांनी गच्च भरलेला होता.

१६ जूनला ‘आदिपुरुष’ आला. रामायणावरचा, प्रचंड खर्चाचा सिनेमा. पहिल्या तीन दिवसांत जगभरातून तीनशे कोटींहून जास्त गल्ला झाल्याचं निर्मात्यांनी जाहीर केलं. भाकितं खरी ठरली असं वाटलं. पण संवादांवरून लोक नाराज झाले, आणि सोमवारी गल्ला धाडकन खाली आला. पुढे तिकीट दीडशे रुपयांवर आणलं, नंतर एकशे बारावर. तरी थेटरं भरली नाहीत. तीन दिवसांची गर्दी जाहिरातीने जमवता येते. चौथ्या दिवशीची गर्दी, पाहून आलेला माणूस काय सांगतो त्यावर जमते.

२९ जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी होती. त्या दिवशी ‘सत्यप्रेम की कथा’ हा हिंदी सिनेमा लागला. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, आपला ‘बाईपण भारी देवा’ लागला. दिग्दर्शक केदार शिंदे. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहाजणी मुख्य भूमिकांत. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, अशी गोष्ट. मारामारी नाही, मोठा नट नाही, नायिका चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. पाऊस नुकताच सुरू झालेला, पेरण्यांची घाई. भाकीत करणाऱ्याच्या खुणांवर हा सिनेमा कुठेच बसत नव्हता.

पहिल्या आठवड्यात त्याचा गल्ला साधारण साडेबारा कोटींचा झाला. मराठीसाठी उत्तमच. पण खरी गंमत पुढे आहे. साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात गल्ला निम्म्यावर येतो. या सिनेमाचा जवळपास दुप्पट झाला. दुसऱ्या रविवारी तर एका दिवसात सहा कोटींच्या वर गेला. बायका गटागटाने, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या टोळ्याच्या टोळ्या. काही ठिकाणी थेटराच्या आवारातच फुगड्या झाल्या. पाहून आलेली बाई आईला, मग सासूला घेऊन पुन्हा गेली. ‘सैराट’नंतर सर्वात जास्त गल्ला जमवणारा मराठी सिनेमा म्हणून तेव्हा त्याची नोंद झाली.

त्याच वर्षी १७ मार्चपासून महाराष्ट्रात एसटीला महिलांना निम्मं तिकीट झालं होतं, हेही लक्षात ठेवा. तालुक्याला जाऊन यायचा खर्च अर्ध्यावर आला होता. सिनेमाचा धंदा थेटराच्या दारात सुरू होत नाही, तो एसटीच्या थांब्यावर सुरू होतो. हे भाकीत करणाऱ्यांच्या यादीत नसतं, आपल्या यादीत असतं.

गर्दी नेहमी मारक असते का?

जत्रेत चकलीचे चाळीस ठेले लागले की आपल्याला धास्ती वाटते. गिऱ्हाईक वाटलं जाणार. पण कधी कधी चाळीस ठेले आहेत म्हणूनच पंचक्रोशी लोटते आणि सगळ्यांचाच माल संपतो. सिनेमाचंही असंच दोन्ही बाजूंनी असतं.

२१ जुलै २०२३ ला जगभर ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ हे दोन इंग्रजी सिनेमे एकाच दिवशी आले. एक बाहुलीवरचा गुलाबी, दुसरा अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा गंभीर. एकमेकांना खातील असं कित्येकांना वाटलं होतं. झालं उलटंच. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ‘बार्बी’ने सोळा कोटी डॉलरच्या वर, तर ‘ओपनहायमर’ने आठ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. दोन्ही आकडे अंदाजांपेक्षा पुष्कळ मोठे. लोकांनी एकाच दिवशी दोन्ही पाहण्याचा बेत केला. आपल्या देशात मात्र ‘ओपनहायमर’च पुढे राहिला. एका देशातलं भाकीत दुसऱ्या देशात चालत नाही, ते असं.

मग आला ११ ऑगस्ट. आदल्या दिवशी रजनीकांत यांचा तमिळ ‘जेलर’ लागला होता. शुक्रवारी ‘गदर २’, ‘ओएमजी २’ आणि तेलुगू ‘भोला शंकर’. चार मोठे सिनेमे दोन दिवसांत. ‘गदर २’ने पहिल्याच दिवशी ४० कोटींचा निव्वळ गल्ला केला आणि शेवटी सव्वापाचशे कोटींपर्यंत गेला. ‘ओएमजी २’ फक्त प्रौढांसाठी म्हणून मंजूर झालेला, म्हणजे मुलांना घेऊन जाता येत नाही. त्याची सुरुवात १० कोटींची. सगळ्यांना वाटलं, गेला. पण वयात येणाऱ्या मुलांना शरीराची माहिती नीट मिळायला हवी हा त्यातला विषय लोकांना पटला. तो दीडशे कोटींच्या आसपास पोहोचला. ‘भोला शंकर’ मात्र चिरंजीवींसारखा मोठा नट असूनही पडला. गर्दीने दोघातिघांना तारलं, पण सगळ्यांना नाही.

११ ते १३ ऑगस्ट या तीन दिवसांत देशभर २ कोटी १० लाख लोक थेटरात गेले आणि ३९० कोटींहून जास्त गल्ला झाला, असं मल्टिप्लेक्सवाल्यांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांनी जाहीर केलं. शंभर वर्षांत असा शनिवार-रविवार आला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. आता आपण भागाकार करू. ३९० कोटी भागिले २ कोटी १० लाख. म्हणजे एका माणसामागे साधारण १८५ रुपये. चार माणसांचं घर गेलं तर तिकिटांचेच साडेसातशेच्या घरात. खाणं आणि गाडीभाडं वेगळं. मोठा आकडा असा घरच्या आकड्यावर आणला की तो खरा दिसायला लागतो.

या गर्दीत नेहमी चेंगरतो तो लहान सिनेमा. थेटरात पडदे मोजके, दिवसाचे खेळ मोजके. चार मोठे सिनेमे आले की मराठी सिनेमाला सकाळी नऊचा किंवा रात्री उशिराचा खेळ मिळतो. मग त्या वेळेला लोक येत नाहीत, आणि ‘लोक येत नाहीत’ म्हणून सोमवारी तो खेळही जातो. मराठी निर्माते आणि कलाकार ही तक्रार कितीतरी वर्षं करत आले आहेत.

जुनी दोन उदाहरणं

भाकितं आजच चुकतात असं नाही. १९७५ सालचीच दोन उदाहरणं पाहा.

१५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला. पहिल्या दिवसांत प्रतिसाद थंड. धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असंच धरलं. अमजद खान यांच्या आवाजात दम नाही असंही म्हटलं गेलं. शेवट बदलावा का, असा विचारही झाला. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. एका थेटराच्या मालकाने दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना सांगितलं, ‘काळजी करू नका. मध्यंतरात माझं आइस्क्रीम आणि थंड पेय खपत नाहीये. लोक जागचे उठतच नाहीत.’ भाकीत करणारे टाळ्या मोजत होते, आणि त्या मालकाने शांतता मोजली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थेटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ‘जय संतोषी माँ’ आला होता. खर्च अगदी थोडा, मोठा नट एकही नाही. हा सिनेमा बायकांनी चालवला. चपला बाहेर काढून बायका आत जायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायच्या. शुक्रवारचं व्रत त्यानंतर घरोघर पोहोचलं. ‘शोले’ आणि ‘दीवार’ यांच्या वर्षात हा सिनेमा त्यांच्या रांगेत जाऊन बसला. आपल्याकडे १९९१ साली विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’चं असंच झालं. अलका कुबल यांचं दुःख पाहून रडायला बायका पदराला रुमाल बांधून गेल्या. तंबूतल्या थेटरातही तो पुन्हा पुन्हा लागला.

दर दहा-पंधरा वर्षांनी हे घडतं, आणि दर वेळी धंदेवाले आश्चर्य करतात की अरेच्चा, बायकाही सिनेमा पाहतात! यात आपलीही एक जबाबदारी येते. आपण पाहिला म्हणून सिनेमा चालतो, तर आपण काय चालवतो याचाही विचार करावा. रडणाऱ्या सुनेचा सिनेमा चालला की तसेच दहा निघतात. हसणाऱ्या, भांडणाऱ्या, आपलं म्हणणं मांडणाऱ्या बाईचा चालला की तसे निघतात.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

आपल्या देशात सिनेमाच्या गल्ल्याची सगळ्यांना बंधनकारक अशी एक सरकारी नोंद नाही. निर्माता एक आकडा सांगतो, धंद्याची बातमी देणारे दुसरा. कुणी ढोबळ सांगतो, कुणी निव्वळ. कुणी देशाचा, कुणी जगभराचा. पहिल्या दिवसाचा आकडा फुगवायला निर्मात्याकडूनच घाऊक तिकिटं विकत घेतली जातात, म्हणजे पाटीवर ‘हाऊसफुल्ल’ आणि आत खुर्च्या रिकाम्या, असे आरोप खुद्द चित्रव्यवसायातूनच होत असतात. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा ऐकून भुलू नका. सिनेमा कसा आहे ते जाणायचं असेल तर पहिला सोमवार आणि दुसरा आठवडा पाहा. तिथे थाप मारणं अवघड जातं.

आणि एक सावधगिरीची सूचना. सिनेमाच्या नावाने मोबाईलवर फसवणूक चालते. ‘घरबसल्या सिनेमांना रेटिंग द्या, रोज हजार रुपये कमवा’ असा निरोप येतो. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खात्यात टाकतातही. विश्वास बसला की ‘आता पाच हजार भरा, पुढचं काम मोठं आहे’ असं सांगतात. पैसे भरत गेलं की ते परत येत नाहीत. लक्षात ठेवा, सिनेमाला रेटिंग देण्यासाठी कोणी आपल्याला पगार देत नाही, आणि काम देणारा आपल्याकडूनच पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. ‘अमक्या सिनेमात पैसे गुंतवा, दुप्पट करून देतो’ म्हणणाऱ्यालाही हाच नियम. मोठमोठे निर्माते तिथे भाकितं चुकून बुडतात, तिथे आपल्या गटाची बचत घालायची नाही.

आपण काय करू शकतो?

एक, जो सिनेमा पाहायचा आहे तो शक्य असेल तर पहिल्या आठवड्यातच पाहा. लहान सिनेमाला पहिले चार दिवसच मिळतात. आपण दुसऱ्या बुधवारची वाट पाहिली तर तोवर तो उतरलेला असतो. ‘बाईपण’चं नशीब सगळ्यांना मिळत नाही.

दोन, गटाने मिळून जा. चाळीस-पन्नास बायका एकदम येणार असतील तर थेटराच्या व्यवस्थापकाला आधी भेटा. खेळाची वेळ दुपारची ठेवता येईल का, तिकिटात सूट मिळेल का, विचारा. दुपारी रिकाम्या खुर्च्या ठेवण्यापेक्षा पन्नास खुर्च्या भरलेल्या त्यालाही हव्याच असतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

तीन, खर्च आधी मांडा. तिकीट, एसटी, चहा-वडा असं माणशी किती ते काढा आणि महिन्याला वीस-तीस रुपये बाजूला टाका. गटाच्या कर्जाच्या पैशातून मात्र सिनेमा नको. मौजेचा डबा वेगळाच ठेवायचा. बाईने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळात, मैत्रिणींबरोबर तीन तास हसून येणं हा काही उधळेपणा नव्हे.

चार, पाहून आलात की चारचौघीत बोला. आवडला तर का आवडला, नाही तर का नाही. पाहून आलेल्या बाईच्या शब्दाने ‘बाईपण’चा दुसरा आठवडा दुप्पट झाला, आणि ‘आदिपुरुष’चा सोमवार खाली आला तोही पाहून आलेल्यांच्या शब्दानेच.

मैत्रिणींनो, पुढच्या सणाला तीन सिनेमे एकदम लागतील. पुन्हा कोटींची भाकितं ऐकू येतील. तेव्हा त्या आकड्यांत आपलं तिकीट कुठे आहे, ते कुणी मोजलं का, आणि आपल्या वेळेचा खेळ ठेवला का, हे आपण विचारू या.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या तालुक्यात थेटर आहे का? तिथे दुपारचा खेळ असतो का? शेवटची एसटी किती वाजता निघते?

२. मागच्या वर्षात आपल्यापैकी कितीजणी थेटरात गेल्या? न जाण्याचं कारण पैसा, वेळ, परवानगी की अंतर?

३. आपल्या गटाच्या मागच्या मेळाव्यातली विक्री आणि नफा वेगवेगळा मांडा. ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ यांत किती फरक निघाला?

४. बाईची कोणती गोष्ट पडद्यावर यायला हवी, असं तुम्हाला वाटतं? लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून आमच्या केंद्राकडे पाठवा. निवडक उत्तरं आम्ही पुढच्या भागात ऐकवू.